सतरा नावांचा सात-बारा: एका खासगी रानाच्या राष्ट्रीय मान्यतेचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावचं आहे. गाव, घराणं आणि संस्था यांची नावं दिलेली नाहीत. एकर आणि रुपये ओळख पटू नये इतपत पुढेमागे केले आहेत. कागदपत्रांच्या कामात मी या कुटुंबाबरोबर जवळपास तीन वर्षं होतो. जिथे चूक माझी होती तिथे तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

घाटाच्या पायथ्याला एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. त्याच्या दोन्ही अंगांना मिळून साधारण २२ एकर दाट रान. वर कातळाचा सडा, खाली भातखाचरं, मधे वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. रानात ऐन, किंजळ, हिरडा, उंबर, नांदरुख आणि पऱ्याच्या काठाला तीन-चार म्हातारे बेहडे. त्यांतल्या एका बेहड्याला जमिनीपासून बऱ्याच उंचीवर ढोली आहे. शिमग्याच्या आधी मोठ्या धनेशाची मादी त्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवत राहतो. गावात या पक्ष्याला गरुड म्हणतात. पक्षीनिरीक्षकांनी कितीही सांगितलं तरी गरुडच म्हणतात.

रान कोणी ठरवून राखलं असं नाही. थोरल्या पिढीने तिथे कुऱ्हाड लावली नाही, कारण खालच्या खाचरांना पऱ्याचं पाणी लागतं आणि वरच्या अंगाला एक जुनं ठिकाण आहे, जिथे वर्षातून एकदा नारळ ठेवतात. देवराई म्हणून त्याची कुठे नोंद नाही.

या घरातल्या तीन भावांपैकी गावात राहणारे धाकटे, ज्यांना मीही काकाच म्हणतो, दर उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने सड्याच्या कडेने गवत जाळून जाळपट्टा काढतात. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, किराणा दुकानात उधारीची असते तशी. पहिला पाऊस कधी पडला, वणवा कुठून आला, पऱ्या कधी आटला, गुरं कोणाची शिरली, हे सगळं त्यात ओळीने लिहिलेलं. ही वही पुढे फार उपयोगी पडली. सुरुवातीला मात्र ती कोणी मला दाखवलीही नव्हती.

जिल्ह्यातलं बहुतेक जंगल असंच खासगी मालकीचं आहे. राज्यातल्या इतर भागांत ‘जंगल’ म्हटलं की वनखात्याची हद्द डोळ्यांपुढे येते. इथे आजोबांचा सात-बारा येतो. आणि साधारण पंधरा-वीस वर्षांनी तो सात-बारा घेऊन कोणीतरी लाकडाच्या ठेकेदाराकडे जातो. ठेकेदार रान उक्तं घेतो, साफ तोड करतो, लाकूड वखारीला, भट्टीला, बॉयलरला जातं. खुंटांना पुन्हा फुटवे येतात, पण म्हातारा बेहडा परत येत नाही.

मे २०२२मध्ये या २२ एकरांना साडेतीन लाख उक्ते असा देकार आला. काकांचा डोंबिवलीला राहणारा पुतण्या तेव्हा सुट्टीला गावी होता. त्याने वर्तमानपत्रात वाचलं होतं की गुरुग्रामच्या अरावली जैवविविधता उद्यानाला त्याच वर्षी फेब्रुवारीत देशातलं पहिलं ‘ओईसीएम’ म्हणून मान्यता मिळाली. त्याने मला फोन केला आणि विचारलं, “आपल्या रानाला असं काही मिळेल का?”

ओईसीएम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान नसलेली, पण ज्या पद्धतीने सांभाळली जाते त्यामुळे तिथली जैवविविधता टिकून आहे अशी जागा. संवर्धन हा मूळ हेतू नसला तरी चालतो, परिणाम दिसला पाहिजे. जैवविविधता कराराच्या देशांनी २०१८मध्ये शर्म-अल-शेखला याची व्याख्या ठरवली. डिसेंबर २०२२मध्ये मॉन्ट्रियलला ठरलं की २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित क्षेत्रं आणि अशा जागा मिळून राखायचा. आपल्याकडे अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं वगैरे मिळून जमिनीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे उरलेला आकडा गाठायचा तर असल्या खासगी, गावकीच्या, देवस्थानच्या जमिनींकडेच यावं लागणार. भारतात पर्यावरण मंत्रालय आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण यांनी त्यासाठी निकष आणि मार्गदर्शिका काढली. भाग घेणं ऐच्छिक आहे.

पहिल्या भेटीत रान पाहून मी पुतण्याला म्हणालो, “निकषात अगदी चपखल बसतं.” ही माझी पहिली चूक. मी रान पाहिलं होतं. सात-बारा पाहिला नव्हता.

अडचण

सात-बाऱ्यावर सतरा नावं होती.

आजोबांना तीन मुलगे आणि दोन मुली. थोरल्याच्या पोटी पाच, मधल्याच्या चार, असं करत वारस वाढत गेले. दोन खातेदार वारले होते आणि वारस नोंद झालेली नव्हती. एकजण वापीला होता, त्याचा कोणाशी बोलण्याचा व्यवहार नव्हता. एका आत्याचं नाव २००५नंतर लागलं होतं. दुसरीचं लागलंच नव्हतं. इतर हक्कात एका कुळाचं नाव होतं, त्या घरातली माणसं आजही खालची दोन खाचरं करतात. जमीन कागदावर सामाईक. प्रत्यक्षात तिन्ही शाखांची वहिवाट वेगवेगळी आणि तिन्हींना आपापली हद्द तोंडपाठ. पऱ्याच्या उत्तरेचे आठ एकर मधल्या शाखेच्या वहिवाटीत. बेहड्याची ढोली दक्षिणेला, काकांच्या बाजूला.

ओईसीएमच्या निकषांत पहिला भाग असतो की जागा आधीच संरक्षित क्षेत्र नसावी. ते सोपं. दुसरा, जागेला स्पष्ट हद्द आणि तिचा कारभार पाहणारं कोणीतरी असावं. तिसरा, संवर्धनाचा परिणाम दीर्घकाळ टिकणारा असावा. चौथा, पाणी, माती, श्रद्धा, उपजीविका यांचीही जपणूक व्हावी. जंगल, पाखरं, पऱ्या या सगळ्यांत हे रान पास होत होतं. ‘कारभार कोणाचा’ आणि ‘दीर्घकाळ म्हणजे कोणाच्या सहीने’ या दोन प्रश्नांवर मात्र ते अडकत होतं.

गुरुग्रामची जागा महापालिकेची. खाणींनी उजाड झालेल्या जमिनीवर पुन्हा रान उभं केलं ते मोठंच काम, पण मालक एक आणि सही एक. कोकणात तसा मालक शोधून सापडत नाही.

शिवाय एक भीती होती, आणि ती खोटी नव्हती. महाराष्ट्रात खासगी वने संपादन कायदा १९७५चा आहे. त्या वर्षी ३० ऑगस्टला असंख्य खासगी जमिनी सरकारजमा झाल्या. नंतर छोट्या मालकांना काही परत मिळाल्या, पण सात-बाऱ्यावरचा ‘वन’ हा शेरा कित्येक घरांत भूत होऊन बसला. त्यावर १२ डिसेंबर १९९६चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश: मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, आणि वनसंवर्धन कायदा त्याला लागू. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांनी उरलासुरला विश्वासही घालवला. गावात एक साधा हिशेब रूढ आहे: झाड मोठं होऊ दिलंत तर जमीन जाते. साफ तोडीमागे पैशाइतकीच ही भीतीही असते, आणि संवर्धनाच्या बैठकांत ती फारशी बोलली जात नाही.

समोर असलेले पर्याय

गणपतीत सगळे गावी येतात, म्हणून ऑगस्ट २०२२च्या शेवटी पहिली बैठक झाली. माजघरात चौदा माणसं, त्यांतले निम्मे मोदकांच्या वासाकडे लक्ष ठेवून.

पहिला पर्याय, रान तोडायला देणं. साडेतीन लाख सतरांत वाटले तर प्रत्येकी वीस हजाराच्या आसपास. डोंबिवलीच्या एका चुलतभावाने ते मोठ्याने बोलून दाखवलं आणि घरात क्षणभर शांतता झाली. वीस हजारांसाठी आजोबांचं रान? पण त्याच वेळी वीस हजार नको म्हणणारं कोणीही पुढे आलं नाही.

दुसरा, तोडून काजू लावणं. मजूर मिळत नाहीत, माकडं आणि डुकरं ठेवत नाहीत. पाच मिनिटांत विषय संपला.

तिसरा, वन्यजीव कायद्याच्या कलम ३६सी खालचं सामुदायिक राखीव क्षेत्र. खासगी जमिनीलाही ते घेता येतं, मालकाने स्वतःहून पुढे यायचं. संरक्षण भक्कम. पण एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि समितीत वनखात्याचा प्रतिनिधी बसतो. हे वाचून दाखवल्यावर वापीकरांचा मुलगा, जो वडिलांच्या वतीने आला होता, हसला आणि म्हणाला, “म्हणजे झालीच सरकारजमा.” तसं नाही, हे समजावता आलं असतं. पण तिथे बसलेल्या कोणालाही ते समजून घ्यायचं नव्हतं. आणखी एक गोष्ट: सामुदायिक राखीव हे संरक्षित क्षेत्रच धरलं जातं, त्यामुळे तो मार्ग घेतला तर ओईसीएमचा मार्ग आपोआप बंद.

चौथा, जैवविविधता वारसा स्थळ. सिंधुदुर्गात बांबर्डेची रान जायफळाची दलदल तशी जाहीर झालेली आहे. पण तिथे तसं दुर्मीळ काहीतरी आहे. आमचं रान चांगलं आहे, अजोड नाही. हेही मोकळेपणाने मांडलं.

पाचवा, संवर्धन करार. काही संस्था खासगी मालकांना एकरी वार्षिक मोबदला देऊन ठरावीक वर्षं तोड न करण्याचा करार करतात. सहावा, ओईसीएम मान्यता. त्यात पैसे नाहीत, पण बंधनाचा कायदाही नाही.

“मग त्याचा उपयोग काय?” आत्याने विचारलं. त्या शिक्षिका होत्या, प्रश्न असा विचारतात की उत्तर टाळता येत नाही. मी म्हणालो, देशाच्या यादीत नोंद होईल, पुढे निधी, हरित कर्ज, कंपन्यांची मदत अशा गोष्टी आल्या तर आपला क्रम लागेल, आणि रस्ता-खाणीचा प्रस्ताव आला तर हातात एक कागद असेल. त्या म्हणाल्या, “म्हणजे आज काही नाही.” खरं होतं. आज काही नाही.

निर्णय पहिला: पैसा आधी की मान्यता आधी

करार आधी करायचा असं ठरलं. कारण सरळ होतं, ठेकेदाराचा देकार समोर होता आणि त्याला तोंड द्यायला काहीतरी रोख हवं होतं. शिवाय दहा वर्षांचा करार झाला तर ‘कारभार आहे, मुदत आहे’ हे ओईसीएमच्या प्रस्तावात दाखवता आलं असतं. जानेवारी २०२३मध्ये एका संस्थेबरोबर करार झाला, २२ एकरांसाठी. सह्या नऊ. उरलेल्यांनी फोनवर ‘आमची हरकत नाही’ म्हटलं आणि संस्थेनेही घाई होती म्हणून ते चालवून घेतलं. मीही चालवून घेतलं.

पहिला हप्ता काकांच्या खात्यावर जमा झाला. वेगळं खातं उघडायला वेळ नव्हता, पुढच्या वर्षी करू, असं बोलणं झालं होतं.

मार्चमध्ये शिमग्याला चाकरमानी आले आणि पालखी घरी यायच्या आधीच भांडण घरी आलं. काकांनी त्या पैशांतून जाळपट्ट्याची मजुरी दिली होती, एक राखणदार ठेवला होता, उरलेले तसेच ठेवले होते. सगळा हिशेब त्यांच्या वहीत होता. पण मधल्या शाखेला हिशेब नको होता, त्यांना वाटा हवा होता. आणि त्याहून जास्त, विचारलं जायला हवं होतं. “रान सगळ्यांचं आणि पासबुक एकट्याचं,” हे वाक्य मी त्या चार दिवसांत निदान सहा वेळा ऐकलं.

रक्कम फार नव्हती. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच हजार. पण कोकणातली भाऊबंदकी रकमेवर चालत नाही.

निर्णय दुसरा: कागदावर किती रान लिहायचं

प्रस्तावासाठी झाडांची, पक्ष्यांची, प्राण्यांची यादी लागते. पावसाळ्यानंतर आम्ही ती करायला घेतली. गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीतून (गावातल्या झाडा-प्राण्यांची अधिकृत नोंद) सुरुवात करावी म्हणून ती मागवली, तर तिच्यात गरुडाचं नावच नव्हतं. शेजारच्या तालुक्यातल्या कुठल्याशा गावाची यादी उतरवून काढलेली असावी असा संशय आला. मग कोरी सुरुवात केली.

इथे वकील असलेल्या एका भाच्याने हात वर केला. त्याचं म्हणणं: ओईसीएममुळे सात-बाऱ्यावर काही शेरा येत नाही, हे मान्य. पण तुम्ही सरकारी दप्तरात स्वतःहून लिहून देताय की इथे अमुक इतकी जंगली झाडं आहेत, दाट छत्र आहे, वन्यप्राणी आहेत. उद्या कोणी ‘हे वन आहे’ म्हणायला आला तर पुरावा तुमच्याच सहीचा. वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली बदल झाला आणि अधिसूचित किंवा सरकारी नोंदीतल्या वनांपुरता तो मर्यादित केला गेला. पुढे १९ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात पुन्हा १९९६चाच अर्थ तूर्त पाळायला सांगितलं. म्हणजे या रानाचं कायद्यातलं नाव नेमकं काय, हे आम्ही प्रस्ताव लिहीत असतानाच दोनदा बदललं.

मी दोन ठिकाणी सल्ला घेतला. दोन्हीकडे उत्तर तेच: ओईसीएम ही नोंद आहे, मालकी हक्क बदलत नाही, पण ‘कधीच काही होणार नाही’ असं लेखी कोणी देणार नाही. मी कुटुंबाला हे दोन्ही भाग सांगितले. पहिलाच भाग सांगून सह्या घेता आल्या असत्या. तसं केलेली उदाहरणं मला माहीत आहेत, आणि तिथे पुढच्या माणसाला गावात कोणी पाणीही विचारत नाही.

शेवटी काकांनी तोडगा काढला. ते म्हणाले, “आहे ते लिवा. १९९६चा आदेश आपण लिवलं नाय तरी हायच ना? मग लपवून काय?” त्यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर होता. प्रत्यक्ष रान उभं असेल तर यादी न केल्याने ते शेत होत नाही. भाच्याला ते पटलं, निदान तो गप्प बसला.

निर्णय तिसरा: कवळ

व्यवस्थापनाचा आराखडा मी लिहिला. त्यात ‘झाडांची छाटणी पूर्णतः बंद’ असं एक वाक्य होतं. मला ते आपसूक वाटलं होतं.

कुळाच्या घरातली वहिनी काकांकडे आल्या आणि अंगणातच उभ्या राहून म्हणाल्या, “आमची भाजावळ कुठून करायची मग?” भाताच्या रोपासाठी राब भाजायला ऐन-किंजळीचा कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, त्या घराने पिढ्यान् पिढ्या याच रानाच्या कडेने तोडला आहे. त्यांचं नाव इतर हक्कात आहे, बैठकीला मात्र त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मीही नाही.

ओईसीएमला माणसाचा वापर वर्ज्य नाही. परिणाम टिकतो का, एवढाच प्रश्न असतो. मी अभयारण्याची भाषा सवयीने उचलून आणली होती. आराखडा बदलला: कडेची ठरलेली झाडं, शेंडा ठेवून, एक वर्षाआड, पऱ्याच्या काठाला आणि ढोलीच्या बेहड्याभोवती काही नाही, हिरडा-बेहडा वेचायला मोकळीक. कुठली झाडं ते वहिनींनी आणि काकांनी रानात फिरून ठरवलं, खोडांवर चुन्याचे ठिपके मारले. आराखड्यातलं हे एकच कलम आजवर अक्षरशः पाळलं गेलं आहे.

निर्णय चौथा: सगळं की थोडं

सप्टेंबर २०२३च्या गणपतीत मधली शाखा बाहेर पडली. उत्तरेचे आठ एकर आम्ही तोडायला देणार, करारावर आमच्या सह्या नव्हत्याच, असं त्यांनी सांगितलं. खरंच नव्हत्या.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. सगळ्यांची समजूत पटेपर्यंत थांबायचं, किंवा चौदा एकरांवर पुढे जायचं. थांबण्याच्या बाजूने एक मोठं कारण होतं: धनेशाला ढोली दक्षिणेला मिळते, पण त्याची फळझाडं, उंबर आणि नांदरुख, जास्त करून उत्तरेला होती. अर्धं रान राखून अर्ध्या पक्ष्याचं भागत नाही. मी थांबण्याच्या बाजूचा होतो. आत्या आणि पुतण्या पुढे जाण्याच्या.

जानेवारी २०२४मध्ये उत्तरेचे आठ एकर तुटले. परवानगी रीतसर होती. त्या परवानगीसाठी इतर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागलं, आणि ज्या घरात संवर्धनाच्या कागदावर वर्षभर सह्या जमल्या नव्हत्या, तिथे तोडीच्या कागदावर आठ दिवसांत सगळ्यांच्या सह्या झाल्या. काकांचीही. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं: “वहिवाट त्यांची. मी अडवलं असतं तर उद्या माझ्या बाजूचं त्यांनी अडवलं असतं.”

काय केलं

त्यानंतरचं वर्ष निव्वळ महसुलाचं होतं. दोन मृत खातेदारांच्या वारस नोंदी. दुसऱ्या आत्याचं नाव. महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप करावं असा विचार होता, पण वापीहून सही येईना, तेव्हा तो सोडला. त्याऐवजी थोरल्या आणि धाकट्या शाखेने आपसांत लेखी समजूत केली, मोजणी आणून वहिवाटीची हद्द कायम केली आणि पऱ्याच्या काठाने दगड रोवले. मधल्या शाखेने मोजणीला हरकत घेतली नाही. त्यांना आता तिथून काही न्यायचं नव्हतं.

करार नव्याने केला, चौदा एकरांचा. मोबदला आता प्रत्येक घराच्या खात्यावर वेगळा जातो, जाळपट्ट्याची आणि राखणीची रक्कम आधी बाजूला काढून. कुळाच्या घराला राखणीची मजुरी मिळते.

मुदतीवरून शेवटचा घोळ झाला. ‘दीर्घकाळ’ या शब्दावर थोरल्या शाखेतले दोघे अडले होते. ‘कायमचं’ म्हटलं की हात मागे जातो. ‘दहा वर्षं, मग पुन्हा बसू’ म्हटलं की पेन पुढे येतो. या बाबतीत जपानचं उदाहरण बोलताना कामी आलं. तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने खासगी रानं, कंपन्यांची आवारं, गावांलगतची जुनी वनं यांना प्रमाणपत्र द्यायला २०२३मध्ये सुरुवात केली. ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत १२२ जागा होत्या. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षं, पुढे नूतनीकरण. २०२४मध्ये त्यासाठी कायदाही झाला आणि एप्रिल २०२५पासून तो अमलात आला. जपान्यांनीसुद्धा पाच वर्षांचंच बोलणं केलंय हे ऐकल्यावर थोरल्या घरातले एक दादा म्हणाले, “मग आम्ही दहा देतोय म्हणजे दुप्पट!” आणि सही केली. आमच्या प्रस्तावात आम्ही दहा वर्षांचा करार, दर पाच वर्षांनी कुटुंबाची बैठक आणि पुढे चालू ठेवण्याचा इरादा असं लिहिलं आहे. इरादा हा शब्द दुबळा आहे, पण दिलेल्या सह्यांना तेवढाच पेलतो.

देखरेखीच्या नोंदी दाखवायच्या होत्या, तेव्हा काकांची वही बाहेर आली. वणव्याच्या तारखा, पऱ्या आटण्याचे दिवस, गरुड ढोलीवर आल्याचे दिवस, वर्षानुवर्षांचे. मी जो सहा महिन्यांचा नोंदतक्ता आखला होता तो बाजूला ठेवला आणि वहीची पानं स्कॅन केली.

निष्पन्न

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या ठरावासह चौदा एकरांचा प्रस्ताव २०२४च्या दिवाळीनंतर पुढे गेला. हे लिहीपर्यंत मान्यता हातात आलेली नाही. करार चालू आहे. ठेकेदार त्या वर्षी दोनदा येऊन गेला, दक्षिणेचं विचारलं नाही.

उत्तरेच्या आठ एकरांत खुंटांना फुटवे आले आहेत. पऱ्या २०२४मध्ये वहीतल्या आधीच्या दहा नोंदींपेक्षा लवकर आटला. एका वर्षावरून मी काही म्हणत नाही, पण काका म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी रानात जाण्याआधी तलाठ्याकडे जायला हवं होतं. सात-बारा, फेरफार, इतर हक्क, वारस, वहिवाट, हे सगळं एका कागदावर मांडलं असतं तर मधल्या शाखेचं आठ एकरांचं वजन पहिल्याच बैठकीत दिसलं असतं. आम्ही सतरा नावांना सतरा सारखे मालक समजलो. खरं तर त्या तीन वहिवाटी होत्या, आणि बोलणी तिन्हींशी स्वतंत्र करायला हवी होती.

पैसा एका खात्यावर जाऊ देणं ही सगळ्यांत महाग चूक. दोन महिने उशीर झाला असता तरी चाललं असतं. देकार तसाही पावसाळ्यानंतरच पक्का होणार होता.

थांबावं, हे माझं मत चुकीचं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. चौदा एकरांवर लगेच पुढे गेलो असतो तर उत्तरेचे आठ वाचले नसतेच. पण मी सगळ्यांची वाट पाहत बसलो त्या चार महिन्यांत मधल्या शाखेला निदान उंबर आणि नांदरुख तेवढे सोडा, असं सांगायला कोणी गेलं नाही. पंधरा-वीस झाडांचा प्रश्न होता. ठेकेदाराला त्या लाकडाची किंमतही फारशी नसते. सगळं मागण्याच्या नादात थोडं मागायचं राहून गेलं.

आणि कुळाच्या घराला पहिल्या बैठकीत बसवायला हवं होतं, माजघरात, अंगणात नाही.

मागच्या फेब्रुवारीत गेलो तेव्हा वही ओटीवरच होती. शेवटच्या पानावर काकांच्या तिरप्या अक्षरात तीन ओळी होत्या. “जाळपट्टा पुरा. मजूर ४.” त्याखाली, “गरुड ढोलीवर. मादी आत गेली.” आणि त्याखाली, वेगळ्या शाईने, “वापीचा फोन. कागद पाठवा म्हणतो.”